तिथं काहीच नाही गं मावशी

आज सकाळी भाचा येऊन गेला. आठ दिवस जैसलमेर-जोधपूर करून आलाय मित्रांबरोबर, आणि मावशीसाठी आठवणीनं भेट घेऊन आला. काचेची बोटभर बाटली, वर बूच, आत जैसलमेरजवळच्या सम गावच्या टेकड्यांवरची वाळू. पोरगं गुणी आहे, कुणाला काय आवडतं ते बरोबर लक्षात ठेवतं. मी खूश होऊन चहा टाकला आणि विचारलं, काय काय बघितलंस रे? तर म्हणे, "किल्ला भारी, हवेल्या भारी, पण ते डेझर्ट नॅशनल पार्क म्हणतात ना, तिथं काहीच नाही गं मावशी. नुसती वाळू आणि काटे. एक चिंकारा दिसला, तोही पाठमोरा. एवढी जागा नुसती पडलीय, सरळ सोलर टाकावं सगळीकडे, वीज तरी होईल."

मी चहात दोनदा साखर घातली. त्याला कळलंही नाही, गोड झालाय म्हणत प्यायला आणि गेला. तेव्हापासून डोकं तापलंय. पोरावर राग नाहीये हो. म्हणजे आहे, थोडा आहे. पण तो जे बोलला तेच कलेक्टर कचेरीच्या कागदावर असतं, तेच प्रोजेक्टच्या प्रेझेंटेशनमध्ये असतं, आणि खरं सांगायचं तर सहा वर्षांपूर्वी तिथं पोचल्यावर माझ्या तोंडूनही तेच निघालं होतं. कॅम्पर गाडीतून उतरले, चारी बाजूंना बघितलं आणि ड्रायव्हरला विचारलं, "भैया, यहाँ देखने का क्या है?" तो नुसता हसला. पन्नाशीचा माणूस, स्वतःच्या शंभरेक शेळ्या, सीझनला गाडी चालवायचा. हसला आणि म्हणाला, "बैठो बाईसा, थोडी देर बैठो."

हे "थोडी देर बैठो" कुणाला जमतंय आता? समला संध्याकाळी पाच ते साडेसहा. जीप टेकडीवरून खाली सोडायची, किंचाळायचं, रील काढायचं, मग उंट, मग सूर्यास्त, मग रिसॉर्टवर डीजे. आणि त्या डीजेच्या शेजारी मांगणियार गवई बसवलेले असतात, ज्यांच्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जजमानांच्या वंशावळी तोंडपाठ ठेवल्या, जे मुसलमान असून राजपुतांच्या घरी कृष्णजन्माची गाणी गातात, त्यांना फर्माईश काय, तर लग्नाच्या वरातीतली गाणी. कमायचा, म्हणजे त्यांचं तंतुवाद्य, बघितलंय का कुणी जवळून? आंब्याच्या लाकडाचा गोल पोटाचा, वर बकऱ्याचं कातडं ताणलेलं, तारा आतड्याच्या. माणूस तो पुढ्यात उभा धरून वाजवतो. मी एका ढाणीवर, म्हणजे चार घरांच्या वस्तीवर ऐकला, मातीच्या अंगणात, माइक नाही, काही नाही. त्यात कुरजांना सांगितलेले निरोप असतात, की माझ्या नवऱ्याला जाऊन सांग म्हणून. कुरजां म्हणजे करकोचे, थंडीत हजारोंनी उतरतात फलोदीजवळ खीचनला, आणि गावातले लोक त्यांना रोज दाणे टाकतात. आता ह्या गाण्यातून पक्षी काढा, ओरण (म्हणजे काय ते पुढे सांगते) काढा, पाणवठा काढा, काय उरतं? चाल उरते. चालीवर डीजे मस्त चालतो.

असो. काटकीची गोष्ट सांगायची होती.

पार्काच्या बाहेर, पण फार लांब नाही, एका देवीची ओरण आहे. ओरण म्हणजे आपल्याकडच्या देवराईची थोरली बहीण समजा. हजारो बिघे जमीन, देवीच्या नावानं सोडलेली. कुंपण नाही, गार्ड नाही, तिकीट नाही. गुरं चरतात, शेळ्या चरतात, पण कुऱ्हाड चालत नाही. आम्ही तिथं उतरलो, फिरलो, आणि मला रोहिड्याच्या झाडाखाली एक वाळकी काटकी दिसली. हरणाच्या शिंगासारखी पीळ पडलेली, उन्हानं पांढरी झालेली, इतकी सुंदर की म्हटलं हॉलमध्ये ठेवू. झोळीत टाकली. झाडाची तोडली नव्हती हं, जमिनीवर पडलेली, मेलेली काटकी.

अर्ध्या तासानं पुढच्या ढाणीवर चहाला थांबलो, रुमाल काढताना ती झोळीतून डोकावली. ड्रायव्हरच्या हातात चहाचा ग्लास होता. "बाईसा, ये कहाँ से उठाया?" मी कौतुकानं सांगितलं. त्यानं ग्लास खाली ठेवला, अर्धा भरलेला, आणि गाडीत जाऊन बसला. मला वाटलं उशीर झाला असेल. तर गाडी वळवली. अकरा किलोमीटर मागे.

एका काटकीसाठी.

आता जरा त्या "काहीच नाही"वर येते, कारण भाच्याला हे मी समोरासमोर सांगितलं नाही आणि तो फेसबुक वाचतो (वाच रे). ३१६२ चौरस किलोमीटर आहे ते पार्क, जैसलमेर आणि बाडमेर दोन जिल्ह्यांत मिळून, १९८० सालापासून. त्यातला वाळूच्या टेकड्यांचा भाग साधारण पाचवा हिस्सा. पाचवा! बाकी काय आहे? दगडी माळ आहे, खारट खळगे आहेत, आणि गवत आहे. सेवण गवत. नुसत्या डोळ्यांना वाळलेल्या झाडूसारखं दिसतं, पण ते वर्षानुवर्षं जगतं, मुळांनी वाळू धरून ठेवतं, आणि पाऊस पडला की जळक्या बुंध्यातून हिरवं फुटतं. वर्षाला दीडशे-दोनशे मिलिमीटर पावसात. आपल्याकडे जुलैत एका दिवसात तेवढा पडतो आणि आपण ट्रॅफिकवर पोस्टी टाकतो. त्या गवतावर थारपारकर गाई जगतात, भर उन्हाळ्यात दूध देतात. ज्याला तू काटे म्हणालास ना, त्यात खेजडी असणार. आपली शमी! दसऱ्याला पूजतो ती. तिच्या शेंगा म्हणजे सांगरी, जी तू हॉटेलात केर-सांगरी म्हणून खाल्लीस आणि बिल बघून बोंबललास. पाला शेळ्यांना, सावली माणसांना, आणि तिच्या खाली बाजरी जास्त चांगली येते, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आणि पाणी! मला सगळ्यात वेड लावलं ते खडीननं. पालीवाल ब्राह्मणांनी पाचेकशे वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत. दगडी उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी खालच्या अंगाला लांबलचक मातीचा बांध घालून अडवायचं, ते तिथंच जिरू द्यायचं, आणि थंडीत त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. विहीर नाही, मोटर नाही. जिथं "काहीच नाही" तिथं गहू. आपण मात्र त्यांच्या ओसाड पडलेल्या कुलधराला जाऊन भुताच्या गोष्टी ऐकतो, पालीवाल गाव सोडून का गेले त्याच्या. ते शेती कशी करायचे हे कुणी विचारत नाही, कारण त्यात भूत नाही.

हां तर गोडावण. म्हणजे आपला माळढोक. पार्कातल्या सुदासरीला तारेच्या मोठ्या आवारात मला दिसला, म्हणजे दुर्बिणीतून गवताच्या वर एक पांढुरकी मान आणि काळी टोपी दिसली, मग ती मान खाली गेली आणि पुन्हा आली नाही. एवढंच. वीस सेकंद असतील. पण मी रडले, उगाच काय लपवू. हा पक्षी आपल्या सोलापूरच्या माळावर होता हो! नान्नजचं अभयारण्य १९७९ चं, जैसलमेरच्याही आधीचं. मान्य, त्याची हद्द कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होती, त्यात अख्खे तालुके आणि शहरं अडकली होती आणि लोकांना घर बांधायची पंचाईत झाली होती, तो मूर्खपणाच होता. पुढे हद्द कमी करून सव्वाबाराशेच्या आसपास आणली. पण तोवर आपण माळाला "पडीक" म्हणून म्हणून तिथं ऊस पोचवला होता, आणि उरलेल्या माळावर झाडं लावली, वृक्षारोपण! गवताच्या पक्ष्याला झाडं! आता तिथं एखादा माळढोक दिसला तर पेपरात फोटो येतो.

राजस्थानचा तो राज्यपक्षी. देशाचा राष्ट्रीय पक्षी करा म्हणून सालिम अलींनी सुचवला होता, मिळाला मोराला मान. जगात सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरलेत, त्यातले बहुतेक जैसलमेरच्या ह्या पट्ट्यात. मादी जमिनीवर उघड्यावर अंडं घालते, वर्षाला बहुतेक एकच. ते कुत्र्यानं खाल्लं की वर्ष गेलं. आणि नर मोठा झाला की दहा-पंधरा किलोचा जड पक्षी, डोळे डोक्याच्या बाजूंना, उडताना समोरचं नीट दिसत नाही, समोर विजेची तार आली तर वेळेवर वळता येत नाही. लाखो वर्षं समोर आडवं काही नव्हतंच ना तिथं, बघायची गरज काय होती.

सोलर टाकावं म्हणे.

बरं, सोलर पाहिजे, मान्य. मीही पंख्याखाली बसून हे टाइप करतेय, कोळसा जाळून बर्फ वितळवत बसा असं माझं म्हणणं नाही. सुप्रीम कोर्टानं २०२१ मध्ये सांगितलं तारा जमिनीखाली घाला, मग कंपन्या आणि सरकार दोघं म्हणाले परवडत नाही, जमत नाही, २०२४ मध्ये कोर्टानं तो सरसकट हुकूम मागे घेऊन तज्ज्ञांची कमिटी बसवली. मला त्यातलं इंजिनिअरिंग कळत नाही. पण एक कळतं की प्रश्न पॅनेलचा नाहीये, प्रश्न "पडीक" ह्या शब्दाचा आहे. कितीतरी ओरणींची महसुली कागदावर ओरण म्हणून नोंदच नाही, सरकारी पडीक जमीन अशी नोंद आहे. देवीचं नाव फक्त लोकांच्या तोंडात. मग कागद बघणारा साहेब ती कंपनीला देऊन मोकळा होतो आणि त्याच्या दृष्टीनं त्यानं काहीच चूक केलेलं नसतं! देगराय मातेच्या ओरणीतून टॉवरच्या लायनी गेल्या तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले, ओरणींच्या नोंदी करा म्हणून मैलोन्‌मैल पायी यात्रा काढल्या. म्हातारी माणसं, डोक्यावर पागोटी, पायात चपला. १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवीसह ३६३ बिष्णोई झाडांना मिठ्या मारून मेले हे आपण पर्यावरण दिनाला फॉरवर्ड करतो, हात जोडलेली इमोजी टाकतो. आणि त्याच खेजड्या आज पॅनेलसाठी रातोरात कापून जमिनीत गाडतात तेव्हा आपण म्हणतो, विकास नको का?

शांत. शांत होते जरा. पाणी पिऊन आले.

तर गाडी वळली. अकरा किलोमीटर तो एक शब्द बोलला नाही. मी आधी ओशाळले, मग मला राग आला, खरंच आला. एक मेलेली काटकी रे बाबा, वाळवी खाणार तिला, इतकं काय? मी म्हटलं, डिझेलचे पैसे मी देते. तर म्हणाला, "इसका पैसा नहीं होता. माताजी का काम है." आणि मग, जरा वेळानं, आपण होऊन बोलायला लागला. म्हणाला लहानपणी त्याच्या आजीनं सांगितलं होतं, ओरणीतलं लाकूड घरी नेलं की घरात भांडणं होतात. मी विचारलं, तुम्ही मानता? तो म्हणाला, मानत-बिनत नाही, पण घरी कुणी नेत नाही.

ह्या वाक्यावर मी सहा वर्षं विचार करतेय. मानत नाही पण नेत नाही. मी उलटी आहे. मी सगळं मानते, पर्यावरण मानते, जैवविविधता मानते, व्याख्यानांना जाते, आणि काटकी उचलून झोळीत टाकते.

ह्याच माणसानं पार्काला शिव्याही घातल्या, तेही सांगितलं पाहिजे नाहीतर मी खोटं बोलल्यासारखं होईल. त्याचं गाव पार्काच्या हद्दीत. नाव नॅशनल पार्क असलं तरी कायद्यानं ते अभयारण्य आहे, आत सत्तरेक गावं आहेत, माणसं आधीपासून राहतात. आणि त्यांना पक्का रस्ता मागितला की पार्क आडवं येतं, विजेचा खांब मागितला की पार्क, मोबाइलचा टॉवर मागितला की पार्क. तो म्हणाला, "कंपनी के लिए तार है, हमारे लिए पार्क है." त्याचा धाकटा भाऊ सोलर प्लांटवर वॉचमन. पगार वेळेवर होतो म्हणे. आता ह्यावर मी काय बोलणार? शहरात बसून त्याला म्हणू का की तू कंदील लाव, माझा माळढोक जगू दे? नाही म्हणू शकत. गोडावण कुंपणामुळे टिकला हेही खरं, कुत्र्यांपासून अंडी वाचवायची तर तार लागते, नुसत्या शपथेनं भागत नाही. समला तर आता अंडी उबवून पिल्लं वाढवतात, २०२४ च्या ऑक्टोबरात कृत्रिम रेतनानं पहिलं पिल्लू झालं. मला आनंदच झाला. पण पिल्लू मोठं होऊन सोडायचं कुठं? त्याच तारांखाली? हा प्रश्न विचारला की लोक म्हणतात, ताई, तुम्ही फार निगेटिव्ह.

आणि ते "वाळवंट हिरवं करू या" वाले वेगळेच. अरे ते आजारी नाहीये! त्याला बरं करायचं नाहीये! अठरा कोटी वर्षांपूर्वी तिथं घनदाट जंगल होतं, त्याचे ओंडके दगड होऊन जैसलमेरजवळ आकलला पडलेत, जाऊन हात लावून या, सालीच्या रेघा दिसतात. तेव्हा जंगल होतं, आता वाळवंट आहे, आणि जे आता आहे ते पूर्ण आहे. हिरवं करायच्या नादात वेडी बाभूळ आणून ठेवली सगळीकडे, ती आता गवताला उठू देत नाही.

मी त्या दिवशी शेवटी बसले होते, हे राहिलंच. सुदासरीकडे, गाडी बंद करून, त्यानं सांगितलं तसं. पहिली दहा मिनिटं काही नाही, फक्त वारा आणि कानात स्वतःचंच रक्त वाजतंय असं वाटत होतं. मग पायापुढच्या वाळूवर रेघ दिसली, बारीक टाचण मारल्यासारखी, मधे सरळ आणि दोन्ही बाजूंना ठिपके. एक काळा भुंगेरा गेला होता. त्याच्या रेघेला छेद देऊन सापाची नागमोडी. तिच्यावर कोल्ह्याचे पंजे, एका ओळीत, जणू एकाच पायानं चाललाय. मग लांब बिळाच्या तोंडाशी सांडा बाहेर आला, काटेरी शेपटीचा सरडा, उन्हाला तोंड करून बसला, आणि वर घार की गरुड फिरताच बुडकन आत. पायाखालच्या एवढ्याशा तुकड्यावर अख्खी रात्र लिहिलेली होती आणि मी विचारत होते देखने का क्या है. भाच्याच्या जीपनं रीलसाठी टेकडी उतरताना असली किती पानं पुसली असतील देव जाणे. पण माझ्या गाडीनंही पुसलीच असणार.

ओरणीत परत पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. मला जागा सापडेना. सगळे रोहिडे सारखेच. त्याला सापडली, माझ्याच बुटांच्या ठशांवरून. झाडाखाली वाळूत काटकीच्या आकाराची खाच तशीच होती, पीळासकट, आणि तासाभरात तिच्यातून कसला तरी किडा चालूनही गेला होता. मी काटकी खाली ठेवली आणि मागे सरले. तो वाकला, बघितलं, आणि ती उचलून उलटी केली. मी टोक उलट्या बाजूला ठेवलं होतं. खाचेत बरोबर बसली. मग त्यानं चप्पल काढली, हात जोडले, चप्पल घातली, आणि म्हणाला, "चलो बाईसा, चाय ठंडी हो गई होगी."

पोस्ट फार लांबली, माहितीये. भाच्याला फोन करणार होते, नाही केला. तो प्रेमानं घेऊन आलाय आणि मी त्याला काय सांगू, की परत नेऊन ठेव? पण ती बाटली टेबलावर आहे आणि दुपारपासून तिच्याकडे बघवत नाहीये. ओरणीतली नाहीये ती, समची आहे, तिथून रोज हजारो लोकांच्या बुटांतून वाळू जातच असते, हे सगळं मी स्वतःला सांगून झालं.

ह्या थंडीत जैसलमेरला कुणी जाणार असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. जास्त सामान नाही, बोटभर बाटली आहे. नुसती रिकामी करायची, वाऱ्याच्या दिशेनं.